उतरायला कारण लागतं

इनामगावात माणसाच्या पायांवर भरवसा न ठेवण्याची परंपरा तीन हजार वर्षांची तरी आहे. 1968 ते 1983 या काळात डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी (सांकलिया, ढवळीकर, अन्सारी, सगळी मोठी माणसं) घोड नदीकाठची आमची टेकाडं खणली, तेव्हा जुन्या घरांच्या जमिनीखाली पुरलेली माणसं सापडली. त्यातल्या मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते. मेलेल्यानं उठून घर सोडून जाऊ नये म्हणून ही तजवीज असावी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. ठळक अपवाद एकाचा. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला चाळिशीचा एक पुरुष. त्याचे पाय शाबूत निघाले. तो गावचा प्रमुख असावा म्हणतात.

पाय शाबूत आणि स्वतः बसून, हा प्रमुखपणाचा प्रकार गावात अजून चालू आहे. आमच्या सायकल ग्रुपचे अॅडमिन अख्खी सहल सोबतच्या पिकअपच्या पुढच्या सीटवर बसून होते. त्यांचा गुडघा दुखतो. तो कधीपासून दुखतो याबद्दल मतभेद आहेत. पण सायकली घ्यायला त्यांनी सगळ्यांना भरीस घातलं त्या दिवशी तो दुखत नव्हता, एवढं नक्की.

मुळात आमच्या गावाला चढ माहीत नाही. शिरूर तालुक्याची ही बाजू म्हणजे ऊस, कांदा, कालवा. भीमेपलीकडचा दौंड तालुकाही बराचसा तसाच. उभं राहून पॅडल मारावं लागेल असा चढ म्हणजे पुलाचा, आणि तिथंही उसाचा ट्रॅक्टर पुढं सापडला तर शाळकरी पोरं ट्रॉलीला हात लावून फुकटात वर जातात. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला चढाची भीती नसते, कारण ओळखच नसते.

ओळख करून घ्यायची हुक्की आली ती 2026 च्या जानेवारीत. पुणे जिल्ह्यात आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली, 437 किलोमीटरची. तिच्यासाठी रस्ते असे गुळगुळीत केले की आमच्यातले काहीजण शर्यत बघायला गेले आणि रस्ता बघून आले. सायकलवाले डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून गेले. डांबर मात्र तिथंच होतं, ते पोटभर बघता आलं. येताना सगळ्यांच्या तोंडी गिअर, कॅडन्स, कार्बन फ्रेम.

मग सायकली आल्या. पूर्वी गावात सायकल म्हणजे काळी, भक्कम, कॅरिअरला दुधाचे कॅन लटकवलेली. तिला एकच गिअर, तो म्हणजे चालवणारा. नव्या सायकलींना एकवीस, चोवीस, सत्तावीस गिअर. सपाटीवर त्यातला एकच लागतो. उरलेल्यांचे पैसे मोजलेत, ही भावना माणसाला स्वस्थ बसू देत नाही. घाट चढण्याची खरी प्रेरणा ही. निसर्ग, तब्येत, साहस वगैरे नंतर ग्रुपवर आलं.

सायकलीबरोबर ती गादीची चड्डी येते. घरात घालून बघायला ठीक. पण गावातून जायचं म्हणजे पारावरून जावं लागतं. पारावरच्या एका आजीनं सगळ्यांना मागून पुढून नीट न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "बाबांनो, इंजेक्शनं घेतलीत का रे?" कंपाउंडरही ग्रुपमध्ये असल्यामुळं तिला आणखीच खात्री पटली.

सरावाला रोटी घाट ठरला. पाटसहून बारामतीकडं जाताना लागतो तो. दौंड तालुक्याला पाहुण्यांना दाखवण्याजोगा चढ म्हणजे हाच. तुकोबांची पालखी याच वाटेनं उंडवडीकडं जाते, आणि घाट लागला की रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. बैलांना यात कमीपणा वाटत नाही. घाट आहे, जादा जोडी लावा, विषय संपला. डोक्यावर तुळस घेतलेल्या म्हाताऱ्या बायका तो घाट अभंग म्हणत चढतात. आम्ही वर पोचलो तेव्हा स्वतःचं नाव सांगण्याइतका आवाजही कुणाजवळ नव्हता. थोड्या वेळानं विकास सोसायटीच्या सेक्रेटरींना वाचा फुटली. ते म्हणाले, "हा काय खरा घाट नाही." जे आपल्याला झेपलं नाही ते खरं नव्हतंच, हा सहकारातला जुना अनुभव. महाबळेश्वर तिथंच ठरलं.

शिवजयंतीला जोडून मास्तरांनी किरकोळ रजा टाकली आणि आम्ही निघालो. न्हावरा, पारगावला भीमा ओलांडून केडगाव, चौफुला, मग सुपे, मोरगाव, नीरा, लोणंद, सालप्याचा घाट, वाठार आणि वाई. साखर कारखान्यांचा हंगाम ऐन भरात होता. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून चाललेले, त्यांच्या मागून उसाचा पाला अंगावर घेत आमची रांग. चौफुल्याला रस्ता अगदी सपाट असूनही ग्रुपचा वेग का कोण जाणे निम्म्यावर आला. तिथली कला केंद्रं महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. सकाळची वेळ, सगळं बंद. तरी दोघातिघांना चाकातली हवा नेमकी तिथंच कमी वाटली. ग्रुपमधल्या अंगणवाडीच्या बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त पंप काढून पुढं धरला.

मोरगावला मोरया झाला, लोणंदला कांद्याचा भाव विचारून झाला (विकायला कुणी आणला नव्हता, पण भाव विचारल्याशिवाय आमच्याकडचा माणूस लोणंद ओलांडत नाही). सालप्याच्या घाटाबद्दल फार बोलण्याजोगं काही घडलं नाही, कारण बोलण्याच्या स्थितीत कुणी नव्हतं. वाठार स्टेशनला मात्र मास्तरांनी थांबवून माहिती दिली. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वरला हवा खायला जाणारी मंडळी रेल्वेनं इथवर येत आणि पुढं टांग्यानं जात. पोल्ट्रीवाला म्हणाला, "टांगा अजून मिळतो का?"

वाईला मुक्काम पडला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना पसरणीचा घाट समोर उभा राहिला. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडी वर, पाचगणी तेराशेच्या जवळ, आणि मधे हा बाराएक किलोमीटरचा घाट. पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव. एवढा चढ रोज समोर असला की लहानपणापासून छातीत हवा साठवायची सवय लागतच असणार, असं कंपाउंडरांचं वैद्यकीय मत पडलं.

मास्तरांनी सांगितलं, सरासरी शंभर मीटरला पाच मीटर चढ. ऐकायला काहीच वाटत नाही. पहिल्या वळणापर्यंत चालवायलाही काही वाटलं नाही. दुसऱ्या वळणाच्या आत सत्तावीस गिअर संपले. सगळ्यात हलक्या गिअरला पॅडलचा पूर्ण फेरा मारला की सायकल पावणेदोन मीटर पुढं जाते. पाय गरगर फिरत राहतात आणि शेजारचं झाड शेजारीच राहतं. वेग ताशी सहा किलोमीटर. चालणारा माणूस पाचनं चालतो. म्हणजे एवढ्या महागाची सायकल, हेल्मेट, हातमोजे आणि ती चड्डी मिळून ताशी एक किलोमीटरचा नफा. तोही पक्का नाही. गावातला एक म्हातारा काठी टेकत वर चालला होता. तो सेक्रेटरींच्या बरोबरीनं बराच वेळ आला आणि म्हणाला, "कुठनं आलाय, पाव्हणं?" सेक्रेटरींनी दोन पॅडलमागं एक अक्षर या हिशेबानं "इ... ना... म... गा..." सांगितलं. "व" येईपर्यंत म्हातारा पुढं निघून गेला होता.

इथून पुढं खरं कौशल्य लागतं, आणि ते सायकल चालवण्याचं नसतं. ते उतरण्याचं असतं. चार लोकांत सायकलवरून उतरायचं तर आपल्याकडं कारण लागतं. कारण न सांगता उतरलेला माणूस हरलेला असतो आणि कारण सांगून उतरलेला कामात असतो.

सेक्रेटरींचं कारण फोन. खिसा थरथरला म्हणून ते उतरले आणि कठड्याला टेकून पाच मिनिटं "हां, हां, बोर्डापुढं ठेवा तो विषय" म्हणत राहिले. त्या वळणावर बाकी कुणाच्याही मोबाइलला रेंज नव्हती. पोल्ट्रीवाल्याचं कारण फोटो. धोम धरणाचं पाणी म्हणे प्रत्येक वळणावरून निराळं दिसतं. पाटबंधारे खात्याला पाणीपातळीची नोंद ठेवता येईल इतके त्या पाण्याचे फोटो त्याच्याकडं जमले. कंपाउंडर मागच्यांसाठी थांबतात. हे सगळ्यात उदात्त. मागचे दिसेपर्यंत झाडाखाली उभं राहायचं आणि ते धापा टाकत पोचले की "चला, निघू या" म्हणून सुटायचं. मागच्याला विश्रांती मिळत नाही, पण थांबणाऱ्याला पुण्य मिळतं.

सर्वांत प्रतिष्ठेचं कारण मात्र चेनचं. "चेन पडली" म्हटलं की दोष यंत्राचा होतो. शिवाय खाली वाकता येतं, आणि वाकलं की तोंड उघडं टाकून श्वास घेतलेला कुणाला दिसत नाही. उठताना बोटं काळी झालेली असतात, त्यामुळं पुरावाही हातात. मास्तर घाटाच्या पायथ्याशीच बोटांना ग्रीस लावून घेतात, असा त्यांच्यावर आरोप आहे. तो त्यांनी अजून फेटाळलेला नाही.

एकमेकांच्या कारणावर शंका घ्यायची नाही, हा न बोलता झालेला करार.

"चेन का?"

"चेन."

"नव्या सायकलींचं असंच असतंय."

एवढ्यावर दोघांची अब्रू राहते. अडचण फक्त गाड्यांची. मोटारीचा आवाज आला की सगळ्यांना पटापट सायकलवर चढावं लागे. काचा खाली करून शहरातली पोरं "कम ऑन अंकल!" ओरडत. अंकल दात ओठ खाऊन दहा-पंधरा पॅडल जोरात मारत. गाडी वळणाआड झाली की अंकल पुन्हा खाली. सुट्ट्यांचे दिवस, गाड्यांची रीघ, त्यामुळं या उठाबशांतच निम्मी ताकद गेली.

अशाच एका सामुदायिक चेन-दुरुस्तीच्या वेळी मास्तरांनी फ्रान्सची गोष्ट सांगितली. टूर द फ्रान्सवाल्यांनी 1910 साली पहिल्यांदा पिरनीज पर्वतातले उंच घाट शर्यतीत घातले. ऑक्ताव्ह लापीझ नावाचा गडी होता. त्या साली शर्यत जिंकला तोच. तर हा जिंकणारा गडी घाटात सायकल ढकलत पायी चालला होता, आणि वाटेत संयोजकांची माणसं दिसली तेव्हा त्यानं त्यांना तोंडावर खुनी म्हटलं. चेन पडली म्हटलं नाही. बरं, त्या शर्यतीत गिअर बदलायच्या यंत्राला 1937 पर्यंत बंदीच होती, तेव्हा त्याची तक्रार रास्त म्हणायची. आमचे संयोजक त्या घटकेला पिकअपमध्ये द्राक्षं खात बसले होते. त्यांना काय म्हणावंसं वाटतं ते लिहायची सोय नव्हती, कारण ग्रुप त्यांचाच.

पोल्ट्रीवाल्यानं मुंबई-पुणे शर्यतीचा विषय काढला. तिथं बोरघाट पहिला चढून जाणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणतात. हा किताब आमच्यात कुणाला हवा, असं विचारून झालं. घाटाची रयत म्हणून सुखरूप वर पोचलो तरी पुष्कळ, यावर एकमत झालं.

हा सगळा सुरळीत चाललेला कारभार अंगणवाडीच्या बाईंनी मोडला. निम्मा घाट झाला असेल. त्या सायकलवरून उतरल्या, सायकल कठड्याला टेकवली, शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "दम लागला बाई."

कुणाला काय बोलावं सुचेना. कंपाउंडर सावरून घ्यायला धावले.

"बाई, चेन पडली असंल."

"चेन बरी आहे. मीच दमले."

"मग घरनं फोन आला असंल."

"नाही हो."

"पाणी किती छान दिसतंय बघा इथनं," पोल्ट्रीवाल्यानं आपलं हुकमी कारणही त्यांना देऊ केलं. बाईंनी पाण्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बाटली काढून पाणी प्यायल्या, बूट सैल केले, पाय लांब सोडले आणि सगळ्यांदेखत निवांत बसून राहिल्या. इतका दम लागूनही अशी बसकण आमच्यातल्या एकानंही मारली नव्हती. फोनवाल्याला उभं राहून बोलावं लागतं. फोटोवाल्याला कठड्यापर्यंत चालत जावं लागतं. चेनवाल्याला बोटं काळी करावी लागतात, आणि मागच्यांसाठी थांबणाऱ्याला मागचे आले की निघावं लागतं. दम खाण्यापेक्षा दमाचं कारण सांभाळण्यात जास्त दम जातो. बाईंना हा खर्चच नव्हता. त्या उठल्या, निघाल्या आणि दोन वळणांनंतर पुन्हा "दम लागला" म्हणून बसल्या. त्यांच्याजवळून जाताना आम्हाला उगाचच चोरट्यासारखं झालं.

पाचगणीत शेवटी सगळे पोचले. वडापावच्या गाडीपाशी मास्तरांनी हिशेब मांडला. माणूस पंचाहत्तर किलो, सायकल पंधरा, मिळून नव्वद. एवढं वजन साडेपाचशे मीटर वर उचललं. नुसतं उचलायचं काम सव्वाशेच्या आतच कॅलरी. पण आपलं शरीर खाल्लेल्यातल्या जेमतेम चौथ्या हिश्शाचं काम देतं, बाकीचं घामात जातं. तेव्हा जळल्या पाचशेच्या आसपास. एका वडापावात तीनशेच्या जवळपास. "थोडक्यात, अख्खा पसरणीचा घाट म्हणजे पावणेदोन वडापाव," मास्तर म्हणाले, आणि तिसऱ्याला हात घातला.

"मास्तर, मग आपण आता सव्वा वडापावानं तोट्यात आहोत," सेक्रेटरी म्हणाले. ताळेबंद म्हटलं की त्यांचं डोकं चालतं. "हा तोटा पुढच्या वर्षी ओढावा लागंल." त्यांनीही तिसरा मागवला.

पाचगणीहून महाबळेश्वर अठरा-वीस किलोमीटर. दोन्हींच्या उंचीत फारसा फरक नाही, पण रस्ता खाली नेतो आणि पुन्हा वर आणतो, म्हणजे कमावलेली उंची हातची घालवून परत विकत घ्यायची. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरला त्याच्या दहापट. मग तिथं पोचायचं तर पावसाच्या ढगालाही एवढंच वर चढावं लागत असेल, आणि तो दमून तिथंच रिकामा होत असेल, हे आम्हाला पहिल्यांदाच पटलं. भूगोलाच्या पुस्तकात सह्याद्रीच्या पर्जन्याचं कारण हेच दिलेलं आहे, असं मास्तर म्हणाले. आमच्या वाट्याला ढग मोकळा होऊन येतो तो का, हेही उलगडलं.

रात्री पाचगणीतच लॉजवर सभा भरली. सेक्रेटरी असले की सूचक, अनुमोदक आलेच. "सभासद आणि सायकली पिकअपमध्ये भरून महाबळेश्वरास न्याव्यात" असा ठराव कंपाउंडरांनी मांडला, पोल्ट्रीवाल्यानं अनुमोदन दिलं, मंजूर, मंजूर, मंजूर. पिकअपच्या ड्रायव्हरला निर्णय कळवला. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, "अण्णा, मालाची गाडी आहे. सायकली टाका, माणसं भरणार नाय. धरलं तर दंड माझ्या नावावर."

"अॅडमिन बसत्यात की."

"ते पुढच्या सीटवर. तिथं एकच जागा."

सर्वांनी अॅडमिनकडं पाहिलं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला.

सकाळी बाईंनी आपली सायकल पिकअपमध्ये टाकली आणि त्या एसटी स्टँडकडं निघाल्या. "मी एसटीनं येते. मला अर्धं तिकीट आहे." 2023 पासून बायकांना ही सवलत आहे खरी, पण पूर्ण तिकीट काढून जायला आम्हालाही कुणी आडवं आलं नव्हतं. पैशांचा प्रश्न नव्हता. प्रश्न एवढाच होता की, एसटीत बसायला कारण काय सांगायचं? सगळ्यांच्या चेनी एकदम पडत नाहीत. तेव्हा चड्ड्या चढवून सगळे रस्त्याला लागले.

पाचगणी मागं पडून बराच वेळ झाला होता. स्ट्रॉबेरीचे स्टॉल लागून गेले होते, आणि सरळ दिसणारा, म्हणून जास्तच जिवावर येणारा एक चढ चालू होता, तेव्हा मागून लाल गाडी आली. खिडकीतून बाईंचा हात आणि हातात मोबाइल. "हसा जरा!" एवढं ऐकू आलं आणि गाडी पुढं गेली.

फोटो लगेच ग्रुपवर पडला. त्यात सेक्रेटरी, मास्तर, कंपाउंडर आणि मी, चौघंही आपापल्या सायकलीशी वाकलेले आहोत, आणि चौघांच्याही चेनी जागच्या जागी आहेत. अॅडमिननं त्यावर अंगठा दिलाय.